गाळलेल्या ओळी

गुणाबाईचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला साधीभोळी समजायला नको. तिच्या नवऱ्याने माझा नवरा मारला, कोर्टाने त्याला फाशी सांगितली, आणि तरी जळत होते मीच. लोकांना वाटायचं, विधवा बाईचा संताप आहे. संताप होता, नाही कशाला म्हणू? पण तो दिवसातून एखाद्या वेळी यायचा आणि जायचा. हेवा मात्र सकाळी माझ्याआधी उठून बसलेला असायचा.

आमचं गाव आंधळगावपासून चार मैलांवर. वरच्या अंगाला आम्ही शेतकरी, आणि तलावाच्या पाळीखाली धिवरांचा, म्हणजे मासोळी धरणाऱ्यांचा, टोला. तलावाचं पाणी आमच्या धानाला आणि त्यातली मासोळी त्यांच्या पोटाला, अशी वाटणी आजोबा-पणजोबांपासूनची. १९७३ च्या आश्विनात धान पोटरीवर आलं आणि पावसाने दडी मारली. माझा नवरा तुलाराम तुडुम उघडायला गेला. तुडुम म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं भोक. धिवरांनी त्याच पावसाळ्यात तलावात मासोळीचं बीज टाकलं होतं. पाणी सुटलं की ते बीज धानाच्या बांध्यांमध्ये वाहून जाऊन मरणार. गुणाबाईचा नवरा बुधराम आडवा आला. शब्दाला शब्द लागला, आणि त्याच्या हातात कुऱ्हाड होती. पहिला घाव खांद्यावर बसला, माझा नवरा खाली पडला. दुसरा घाव त्याने पडलेल्या माणसावर घातला. वकील म्हणाला, पहिल्या घावावर जन्मठेपेत भागलं असतं, दुसऱ्याने फाशी आणली.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. लग्नाला तीन वर्षं झालेली, पोटी मूलबाळ नाही. दहाव्या दिवशी बायकांनी माझे हात दगडावर ठेवून बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात रुतली, तिचा व्रण अजून आहे.

आणि गुणाबाई? ती आमच्याच गल्लीतून मासोळीची टोपली घेऊन जायची. टोपली सावरायला हात वर केला की हिरव्या बांगड्या खळखळत कोपरापर्यंत घसरायच्या. आमच्या घरी माळ, मासोळी उंबऱ्याच्या आत यायची नाही, त्यामुळे ती आमच्या दारात थांबत नसे. पण तो आवाज घरात यायचाच. मारणाऱ्याची बायको सवाशीण आणि मेलेल्याची बायको रिकाम्या हातांची! माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

घरात दोघांची दोन मतं होती. सासरे पुंडलिकराव जुने पोलीस पाटील. त्यांना मी मामाजी म्हणायची. कायदा म्हटला की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची. ते म्हणायचे, "फाशी झालीच पायजे. माह्या पोराचा खून हाय तो. पन फाशी म्हनजे फाशी. कोर्टानं मार नाई सांगितला. तुरुंगात कोनी त्याले हात लावला ना, तर मी सोता कलेक्टरले लिहीन. बांधलेल्या मानसाले मारनं हा बी गुन्हाच हाय."

सासू गोदावरीबाई, माझ्या आत्याबाई, नेमकं उलटं बोलायच्या. "फाशी कायले? फाशीनं तो पाच मिनटात सुटते. वीस वरस सडू द्या त्याले तिथं. रोज सांजसकाळ मार पडू द्या, तवा माह्या जिवाले थंडक होईन."

"असं बोलू नये," मामाजी म्हणायचे.

"तुमी पोर पोटात वागवलं असतं तर बोलले असते," आत्याबाई म्हणायच्या, आणि जेवण तसंच राहायचं.

मला कुणी विचारत नव्हतं. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, दोन्ही करा.

गल्लीत सातवी पास बाई मी एकटीच, म्हणून बायकांची पत्रं लग्नापासून मीच वाचायची. माहेरची, नवऱ्यांची, दवाखान्याची. पण गुणाबाई माझ्याकडे येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. एका दुपारी मी मागच्या अंगणात तूर पाखडत होते, तर कुंपणापलीकडे ती उभी. टोपली खाली ठेवलेली, हातात पोस्टकार्ड.

"बाई, एक कारड हाय जी."

"कोनाचं?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"लेकरायच्या बापाचं. तुरुंगातून आलं."

"मंग माह्याकडे काहून आनलंस? जागेश्वर वाचून देते ना."

जागेश्वर म्हणजे आमचा पोस्टमन. "त्यायनं पयलं कारड पारावर वाचलं," ती खाली बघत म्हणाली. "समदे लोकं हासले." मग कार्ड पुढे करत, "आनं तुमाले बी आयकाचा हक हाय."

मला तो उद्धटपणा वाटला. तरी कार्ड घेतलं. का घेतलं, तेही सांगते. तो तिथे किती हाल सोसतोय हे मला ऐकायचं होतं, माझ्याच तोंडून, त्याच्या बायकोच्या समोर.

बुधराम चौथी शिकलेला. तोंडाने कधी धड दोन शब्द न बोलणारा माणूस, पण अक्षर मोत्यासारखं. कार्डावर तुरुंगाचा निळा शिक्का. मी वाचायला लागले, "गुणास आशीर्वाद. मी खुशाल आहे. जेवण मिळते." पुढची ओळ डोळ्यांनी वाचली आणि थांबले.

लिहिलं होतं, 'इथे घड्याळ नाही. तू टोपली घेऊन निघालीस की मी सकाळ झाली असे धरतो. बाजार करून पाळीवर परत आलीस की दिवस बुडाला असे धरतो. दिवसभर मी तुझ्या मागे मागे चालत असतो.'

तीन वर्षांत तुलारामने मला कधी नावाने हाक मारली नाही. 'ए', नाहीतर 'आयकलं का'. मनाने वाईट नव्हता, पण बायकोच्या मागे मागे चालणारा नव्हता. आणि हा मेला, फाशीच्या कोठडीत बसून, माझ्या नवऱ्याचं रक्त हाताला असताना, हिच्या मागे चालतो!

मी घसा साफ केला आणि वाचलं, "लेकरांना शाळेत घाल."

"आखीन?"

"बस. इतलंच हाय."

तिने कार्ड घेतलं, पदरात बांधलं, आणि टोपली उचलून गेली. बांगड्या वाजल्या. चोरी इतकी सोपी असते हे मला त्या दिवशी कळलं.

मग दर पंधरा-वीस दिवसांनी ती यायची. मी वाचायची, आणि मधल्या ओळी गाळायची. 'पायाच्या भेगा बुजल्या का? मेण भरत जा.' गाळलं. 'तुझ्या अंगाचा वास पाण्याचा आहे, इथे पाऊस आला की तो येतो.' हे तर गाळलंच. तब्येत, लेकरं, तलावाला पाणी किती, एवढं तिला द्यायची. बाकी सगळं माझ्यापाशी राहायचं. ते शब्द माझ्या नवऱ्याच्या मारेकऱ्याचे होते, आणि संध्याकाळी चुलीपुढे बसून मी ते मनात घोळवायची. माझी मलाच शिसारी यायची. तरी घोळवायची.

दुसऱ्या वर्षी, भंडाऱ्याच्या कोर्टाने दिलेली फाशी वरच्या कोर्टात कायम झाल्यावर, एका कार्डात एक नवीन ओळ आली. 'मरळीचे आपण जसे करतो तसे इथले शिपाई रोज सांजेला माझे करतात. तू काळजी करू नको.'

मरळ ही त्यांची सगळ्यात महागडी मासोळी. बाळंतिणीला देतात. गुणाबाई टोपलीतली बाकीची मासोळी मेलेली आणायची, पण मरळ जिवंत. पाण्याच्या घागरीत, वर ओलं पोतं, दर घरापाशी थांबून सावलीत ठेवायची, दोनदा पाणी बदलायची. मी गल्लीतून किती वेळा पाहिलं होतं, तान्ह्या लेकराला जपावं तशी जपायची. म्हणजे या गड्याला तिथे असं जपतात? सरकारी पैशाने? माझा तिळपापड झाला. ही ओळ मी अजिबात गाळली नाही. मोठ्याने, एकेक शब्द तोडून वाचली.

गुणाबाई मटकन खाली बसली. कुंपणाची काडी हातात घट्ट धरली.

"आखीन एक बार वाचा जी," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला वाटलं, सुखाचं. नवरा जपला जातोय म्हणून रडते. "बरं हाय तुयं," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि गेली.

पुढच्या प्रत्येक कार्डात मरळ होती. 'काल मरळीचे दोनदा झाले.' 'मरळीचे चालूच आहे, आता सवय झाली.' प्रत्येक वेळी मी वाचायची आणि ती रडायची.

मी घरी सांगितलं, गल्लीत सांगितलं, तिथे त्याला मरळीसारखं जपतात. मामाजी भडकले. "सरकारनं जावई करून ठेवला का त्याले?" आत्याबाई तर दोन दिवस जेवल्या नाहीत. चार लोकांना आधी गुणाबाईची कीव यायची, तीही आटली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

१९७५ च्या पोळ्याच्या आधी गुणाबाईचा भाऊ मंगरू आला. हातात दयेचा अर्ज. ओसरीवर न चढता अंगणातच उभा राहिला. म्हणाला, भंडाऱ्याचे वकील म्हणतात, मेलेल्याच्या बायकोने सही केली की फाशी नको, जन्मठेप चालेल, तर वर त्याचं वजन पडतं. बाकी कुणाच्या सहीला इतकं वजन नाही.

आत्याबाई लगेच म्हणाल्या, "कर सही. जगू दे त्याले. जिता राहीन तरच भोगन."

"भोगून कुठं राहिला तो? मरळीवानी ठेवला हाय ना?" मामाजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला विचारलं. "माहं मत तुले मालूम हाय. पन नवरा तुहा होता. सही तुही. तू करशीन तर मी आडवा येनार नाई."

मंगरूचा चेहरा बघवत नव्हता. मला वाटलं, करावी सही. खरंच वाटलं. तुलाराम तर परत येणार नव्हता, आणि एका नावाने एक माणूस जगत असेल तर जगू दे, एवढी माणुसकी माझ्यात होती. मी पेन हातात घेतलं.

तेवढ्यात मंगरू म्हणाला, "बाई, आजच कारड आलं हाय. गुणानं देल्लं. सही झाल्यावर तुमी वाचून देसान म्हनत होती, मी तिले जाऊन सांगतो."

मी अर्ज बाजूला ठेवून आधी कार्ड वाचलं. मनातल्या मनात.

'अर्जाचे काय होईल ते होवो. मी गेलो तर एक कर. तुझ्या बांगड्या कोणाला फोडू देऊ नको. मी सांगितले म्हणून सांग. तुझे हात भरलेलेच माझ्या डोळ्यांपुढे आहेत, ते तसेच राहू दे.'

माझ्या मनगटातला तो व्रण चरचरला. माझ्यासाठी हे कोण म्हणालं होतं? दगडावर हात धरला तेव्हा कुणाला सुचलं होतं? जिवंतपणी माझ्याकडे धड न बघणारा माझा नवरा, आणि हिचा मरणाच्या दारातूनही हिचे हात भरलेले बघतो! मी पेन खाली ठेवलं.

"मी सही करत नाई," मी म्हटलं.

"बाई..."

"जा तू. कारडात लिवलं हाय, खुशाल हाय, लेकरायले सांभाळ. इतलंच सांग तिले."

आत्याबाई डोक्याला हात लावून बसल्या. मंगरू अर्जाची घडी करून कार्डासकट घेऊन गेला.

अर्ज नामंजूर झाला. संक्रांतीनंतर शेवटच्या भेटीचं पत्र आलं, गुणाबाई मंगरूबरोबर जाऊन आली. आठ दिवसांनी बुधराम गेला. टोल्यातल्या बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या बांगड्या फोडल्या. तलावाच्या पाळीवर फोडल्या, आवाज आमच्या घरापर्यंत येणं शक्यच नव्हतं. तरी मी मागच्या अंगणात जाऊन कान देऊन उभी होते. वाटलं होतं, बरं वाटेल. एवढी वाट पाहिली होती त्याची. काहीच वाटलं नाही.

महिन्याभराने गुणाबाई पुन्हा कुंपणापाशी आली. हात रिकामे. पदरात सगळ्या कार्डांची जुडी.

"बाई, हे समदे कारडं आखीन एक बार वाचून देता का जी?"

"काहून?"

"शेवटी भेटलो ना, जाळीच्या तिकडून. शिपाई उभा होता, काई बोलता आलं नाई. जाता जाता म्हनाले, माह्या मनात जे होतं ते समदं कारडात लिवलं हाय." तिने माझ्याकडे पाहिलं. "मी रस्ताभर इचार केला. कारडात तर तब्येत होती, लेकरं होती, आनं मरळ होती. मंग समदं म्हनजे काय असन जी?"

"उद्या येतो मीच तुह्या घरी," असं म्हणून मी तिला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा पाळीखाली उतरले. गुणाबाई अंगणात बसली होती, पुढे विळा, शेजारी घागर. कुणाच्या तरी बाळंतिणीसाठी मरळ कापून द्यायची होती. मला बघून म्हणाली, "बसा जी, इतलं आटपतो." घागरीत हात घालून तिने हातभर लांब काळी मरळ काढली. पाण्याबाहेरही ती जोरात उसळत होती. गुणाबाईने तिला दगडावर आपटून धरली, लाकडी दांडका घेतला आणि डोक्यावर घातला. एक. दोन. तीन. मरळ अजून हलत होती. चौथा. पाचवा.

"अवं, काय करतेस?" मी ओरडलेच.

"मरळीचं असंच करा लागते," ती दांडका न थांबवता म्हणाली. "बाकी मासोळी पान्याभायेर काढली का मरते. हे घंटाघंटा मरत नाई. डोकशावर मारमार मारा लागते, तवा कुठं..." आणि मग तिचा हात थांबला. माझ्या तोंडाकडे बघून थांबला. "तुमाले मालूम नोयतं?"

आमच्या घरी माळ. माहेरीही माळ. मी मरळ फक्त घागरीत पाहिली होती.

"मले वाटे, मालूम हाय," गुणाबाई हळू म्हणाली. "तुरुंगातलं कारड शिपाई वाचतेत, म्हनून ते सीधं लिहत नोयते. मी म्हनलं, त्यायनं तुलारामभाऊले मारलं, आता त्यायले मार पडून राहिला, ते आयकाचा तुमचा हक हाय. म्हनूनच तुमच्याकडे आनत होती. तुमी मोठ्यानं वाचत, तवा मी म्हनो, आयकू दे बाईले. तितलीच थंडक."

दीड वर्ष. दीड वर्ष मी माझ्या तोंडाने त्या बाईला तिच्या नवऱ्याचा मार मोजून देत होते, आणि त्या माराच्या आजूबाजूला त्याने जे लिहिलं होतं ते काढून घेत होते. मामाजींना एक शब्द खरा सांगितला असता तर त्यांनी कलेक्टरला लिहिलं असतं. म्हातारा लिहिणारच होता, त्याने शब्द दिला होता.

"कारडं आन," मी म्हटलं.

तिने हात धुतले, कार्डं आणली. मी पहिल्यापासून वाचली. घड्याळाची ओळ वाचली. भेगा आणि मेण वाचलं. पावसाचं वाचलं, ते वाचताना माझ्या कानशिलांना आग लागली. गुणाबाई मेलेली मरळ मांडीपाशी ठेवून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत एक टिपूस नव्हता. मग ते पोळ्याचं कार्ड आलं. तेही वाचलं. बांगड्या कोणाला फोडू देऊ नको. मी सांगितले म्हणून सांग.

तिने आपली मनगटं पुढे घेऊन पाहिली. बराच वेळ पाहिली.

"हे कवा आलं होतं?"

"सहीच्या दिवशी," मी म्हटलं. आणि आता लपवायचं काय राहिलं होतं? "गुणा, मी सही करनार होती. पेन हातात होता. त्यानं माहा नवरा मारला म्हनून नाई केली असं नाई. तो तुह्यावर इतला जीव लावते, हे मले पाहवलं नाई, म्हनून नाई केली."

मला वाटलं, ती दांडका उचलेल. उचलला असता तर मी हललेही नसते. पण ती तशीच बसून राहिली. घागरीत दुसरी मरळ फिरत होती, तिचा आवाज येत होता.

"तुमी वाचता वाचता थांबत होत्या," ती शेवटी म्हणाली. "दर बारीले. मले वाटे, तुमाले तुलारामभाऊची याद येऊन राहिली. म्हनून मी कधी विचारलं नाई, काहून थांबल्या म्हनून. उगी राहो."

मला रडू आलं, पण तिच्यासमोर रडायची मला लाज वाटली. तिने कार्डांची जुडी सारखी केली, पहिलं कार्ड वर आणलं आणि माझ्या हातात दिलं.

"आखीन वाचा," ती म्हणाली. "आनं आता थांबू नोका."